रणांगणालाच पाठशाळा करणारा शल्यविशारद

अपघात घडताच रुग्णवाहिकेने जखमीपर्यंत धावत जावे आणि ज्याची प्रकृती सर्वाधिक गंभीर, त्याच्यावर सर्वप्रथम उपचार व्हावेत, हे आज साऱ्यांनाच स्वाभाविक वाटते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र ही कल्पनाही कोणाला सुचत नव्हती. ती प्रत्यक्षात आणणारे फ्रेंच सैन्यातील शल्यविशारद म्हणजे दोमिनिक-झाँ लारे.

लारे यांचा जन्म ८ जुलै १७६६ रोजी पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बोदेआँ या लहानशा गावात झाला. लहानपणीच पितृछत्र हरपल्याने तुलूझ येथे शल्यविशारद असलेल्या काकांनी त्यांचा सांभाळ केला. शस्त्रक्रियेचे पहिले धडे त्यांनी काकांच्याच हाताखाली गिरविले. नौदलाच्या जहाजावर काही काळ सेवा केल्यानंतर पॅरिसमध्ये देसो या नामवंत शल्यविशारदाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १७९२ मध्ये ते ऱ्हाईन आघाडीवरील सैन्यात दाखल झाले.

त्या काळी सैन्याची इस्पितळ-पथके आघाडीपासून सुमारे चार किलोमीटर मागे ठेवण्याचा दंडक होता. लढाई संपेपर्यंत जखमी सैनिक जागेवरच पडून राहत आणि मदत पोहोचेपर्यंत अनेकांचा प्राण गेलेला असे. तोफखान्याच्या वेगाने हालणाऱ्या गाड्या पाहून लारे यांनी हलक्या, घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या रुग्णवाहिका तयार करवून घेतल्या. ‘उडत्या रुग्णवाहिका’ या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या. १७९७ च्या इटलीतील मोहिमेत या पथकात सुमारे ३४० माणसे होती. हुद्दा किंवा राष्ट्रीयत्व न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचारांचा क्रम ठरविण्याचा नियमही त्यांनीच घालून दिला.

परंतु गाड्या मिळाल्या तरी त्यात बसणारे हात कुशल हवेत, याची लारे यांना पूर्ण जाणीव होती. राज्यक्रांतीच्या धामधुमीत फ्रान्समधील जुन्या वैद्यकीय शिक्षणसंस्था बंद पडल्या होत्या आणि अल्पशिक्षित तरुण शल्यविशारद म्हणून थेट आघाडीवर येत होते. लारे यांनी यावर उपाय शोधला तो अध्यापनाचा. मोहीम थांबली, छावणी पडली की शरीररचना आणि शस्त्रक्रिया यांवरील त्यांची व्याख्याने सुरू होत. १७९६ मध्ये पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. मात्र, त्यांचा वर्ग चार भिंतींत कधी मावला नाही.

निकामी झालेला अवयव कधी कापावा, यावर त्या काळी तीव्र मतभेद होते. जखमी सावरेपर्यंत थांबावे, असे अनेक जाणकारांचे मत होते. लारे यांचा अनुभव वेगळा होता. पहिल्या चोवीस तासांत शस्त्रक्रिया झाल्यास रुग्ण वाचण्याची शक्यता वाढते, हे ते आग्रहाने शिकवीत. १८१२ मधील बोरोदिनोच्या लढाईत त्यांनी स्वतः एका दिवसात सुमारे २०० अवयवछेदन शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. भूल देण्याचे तंत्र तेव्हा अवगत नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या हातांच्या वेगाचे मोल कळते.

ज्ञानाला निर्भयतेची जोड असल्याचा प्रत्यय १८१३ मध्ये आला. हाताला जखमा झालेल्या अडीच हजारांहून अधिक तरुण सैनिकांवर युद्ध टाळण्यासाठी स्वतःच इजा करून घेतल्याचा आरोप होता. त्यांना कठोर शिक्षा होणार, अशी चिन्हे होती. लारे यांनी जखमा तपासून सैनिक निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. नवशिक्यांच्या मागच्या रांगेतील गोळीबारानेच पुढच्या रांगेतील सैनिकांचे हात जखमी होत होते. सेनानींची नाराजी ओढवण्याची तमा न बाळगता त्यांनी हा निष्कर्ष सम्राटासमोर ठेवला आणि नेपोलियनने तो मान्य केला.

अध्यापनाचे ऋण कसे फिटते, याचा विलक्षण दाखला १८१५ मध्ये वॉटर्लू येथे मिळाला. जखमी अवस्थेत लारे प्रशियन सैन्याच्या हाती लागले आणि त्यांना गोळ्या घालण्याचा हुकूम सुटला. तेवढ्यात एका जर्मन शल्यविशारदाने त्यांना ओळखले. काही वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये तो लारे यांच्या व्याख्यानांना बसला होता. सेनापती ब्ल्यूशर यांच्यापर्यंत ही वार्ता गेली. त्यांच्या मुलावर लारे यांनी पूर्वी उपचार केले होते. लारे यांची सन्मानाने सुटका झाली.

नेपोलियनने मृत्युपत्रात त्यांच्यासाठी एक लाख फ्रँकची तरतूद केली. अल्जीरियातील इस्पितळांची पाहणी करून परतत असताना २५ जुलै १८४२ रोजी लियाँ येथे लारे यांचे निधन झाले. वयाच्या शहात्तराव्या वर्षीही त्यांची सेवा थांबली नव्हती.

अपघातग्रस्तांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठीचा एक प्रमाणित अभ्यासक्रम १९७८ मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत पोहोचला. त्याचे प्रमाणपत्र दर चार वर्षांनी नव्याने मिळवावे लागते. एकदा मिळविलेली पदवी तातडीच्या प्रसंगी आयुष्यभर पुरत नाही, हेच त्यामागील सूत्र. लारे यांनी ते दोन शतकांपूर्वी छावणीतल्या तंबूत रुजविले होते.