मीर फतहुल्लाह शिराझी : शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशोब जुळवणारा आलिम

अकबर बादशाहच्या दरबारातले बिरबल, तोडरमल, अबुल फजल मुलांना पाठ असतात. मीर फतहुल्लाह शिराझी हे नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. खरं तर हा माणूस आधी आपल्या दख्खनचा, नंतर आग्र्या-फतेहपूरचा.

जन्म इराणातल्या शिराझचा. तिथल्या उलेमांकडे त्यांनी दीनी इल्म, मंतिक, हिकमत, गणित आणि नुजूम म्हणजे ताऱ्यांची विद्या शिकून घेतली. विजापूरचा सुलतान अली आदिलशाह पहिला याने त्यांना बोलावून घेतलं. 1580 मध्ये या सुलतानाचा खून झाला आणि विजापूरचा रंग बदलला. अकबराचं बोलावणं आलं, तेव्हा 1583 मध्ये मीरसाहेब फतेहपूर सिक्रीला पोहोचले.

तिथे एक जुनं दुखणं होतं. हिजरी महिना चंद्रावर चालतो. चंद्राची फेरी साधारण साडेएकोणतीस दिवसांची, म्हणून महिना कधी 29 चा, कधी 30 चा. बारा महिने मिळून 354 दिवस होतात. ऋतूंचं वर्ष 365 दिवसांचं, म्हणजे दरवर्षी अकरा दिवसांचा फरक. रमजान कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात येतो तो यामुळेच, आणि इबादतीसाठी ते छानच आहे. पण सारा वसूल करायचा तर? सूर्याची 32 वर्षं होतात तेव्हा चंद्राची जवळजवळ 33 भरतात. शेतकऱ्याने पिकं काढली बत्तीस आणि कागदावर सारा लागला तेहतीस वर्षांचा! एक वर्ष फुकटचं. हे पोटावर येणारं गणित होतं.

1584 मध्ये, हिजरी 992 साली, मीरसाहेबांनी तारीख-ए-इलाही तयार करून दिली. मोजणी 1556 पासून धरली. अकबर तख्तावर आला फेब्रुवारीत, पण वर्षाची सुरुवात पंचवीसेक दिवसांनी येणाऱ्या नौरोजपासून केली. महिन्यांची नावं इराणी : फरवर्दीन, उर्दीबेहिश्त, खुर्दाद. सूर्य एका राशीत जितके दिवस राहील तितका महिना, त्यामुळे कुठला 29 दिवसांचा तर कुठला 32 चा. इराणी पद्धतीत तीस दिवसांना तीस नावं होती. उरलेल्या दोन दिवसांना रोज आणि शब, म्हणजे दिवस आणि रात्र, अशी नावं दिली. मला ही युक्ती फार आवडते.

सगळ्यांना हे रुचलं नाही. दरबारातून हिजरी सन मागे पडतोय याचं अनेक मुसलमानांना दुःख झालं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण मीरसाहेबांवर दीन विकल्याचा आरोप टिकत नाही. ते शिया होते आणि अकबराच्या दरबारात, जिथे असं करायची इतरांची हिंमत नव्हती, तिथे ते आपल्या पद्धतीने नमाज पढत. हे लिहून ठेवलंय मुल्ला बदायुनीने, जो त्यांचा मुळीच चाहता नव्हता.

हाच बदायुनी आणखी एक गोष्ट सांगतो. एवढा मोठा आलिम अमीरांच्या घरी जाऊन सात-आठ वर्षांच्या पोरांना शिकवायचा. मजलिशीत स्वभाव नम्र, पण शिकवायला बसले की शागिर्दांना शिव्या! (आम्हा मास्तर लोकांना हे वाचून हसू येतं.)

1585 मध्ये त्यांना अमीन-उल-मुल्क केलं आणि महसुलाच्या कामात तोडरमलाने त्यांचा सल्ला घ्यावा असं ठरलं. खानदेशच्या राजा अली खानाला वळवायला त्यांना दख्खनेत पाठवलं, ते काम मात्र जमलं नाही. 1589 मध्ये बादशाहबरोबर काश्मीरला गेले असता ताप भरला. हकीम अली नको म्हणत असताना यांनी स्वतःच इलाज म्हणून हरीसा खाल्ला. इतका हुशार माणूस, पण पथ्याला जुमानलं नाही. तिथेच इंतकाल झाला, तख्त-ए-सुलेमानच्या डोंगरावर दफन झाले.

मीरसाहेबांच्या आधी दख्खनने हाच प्रश्न आपल्या परीने सोडवला होता, हेही सांगायला हवं. अरबीत शहर म्हणजे महिना, त्याचं अनेकवचन शुहूर. त्यावरून आलेला सुहूरसन 1344 च्या सुमारास सुरू झाला. सूर्य मृगात शिरला की नवं साल, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. आकडे अरबी, सुरुवात पेरणीची! आपल्या वडगावला जानेवारी 1779 मध्ये इंग्रजांनी मराठ्यांशी तह केला, तेव्हा मराठी दफ्तरात जे साल चालू होतं ते तिसा सबैन मया व अलफ, म्हणजे 1179. विजापुरात राहिलेल्या मीरसाहेबांच्या नजरेखालून हा सन गेला नसेल, असं मला तरी वाटत नाही.

इलाही सन पुढे शाहजहान आणि औरंगजेबाच्या काळात मागे पडला. पिकांवर बेतलेला फसली मात्र टिकला. शाहजहानच्या वेळी तो दख्खनेत आला आणि निजामाच्या राज्यात 1948 पर्यंत चालला. मराठवाड्यात ज्यांचं आजोळ आहे, त्यांनी घरातले जुने जमिनीचे कागद काढून बघावेत. आजूर, दै, बहमन अशी तीच इराणी नावं दिसतील. फसली सालात 590 मिळवा, जानेवारीनंतरची तारीख असेल तर 591, की इसवी सन मिळतो.