नोकरी गेली आणि सलीम अलींना सुगरणीच्या संसाराचं गुपित सापडलं

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात पावसाळ्यात ताडा-शिंदीला सुगरणीचे खोपे लटकलेले दिसतात. काही अर्धवटच असतात. का? याचं उत्तर आपल्याच कोकणात मिळालं, तेही एका बेरोजगार माणसाला.

सलीम अली १८९६ मध्ये मुंबईत जन्मले. बर्लिनला पक्षीशास्त्र शिकून १९३० मध्ये परतले, तर म्युझियममधलं त्यांचं पदच रद्द झालेलं. मग पत्नी तेहमिनासोबत ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले.

तिथे सुगरणींची वसाहत होती. ते रोज बघत बसले. नाव सुगरण, पण विणतो नर! तो अर्धा खोपा विणून थांबतो. मादी येऊन आत-बाहेर तपासते. पसंत पडला तर तिथेच राहते, मग नर तो पूर्ण करतो. नापसंत खोपा तसाच लटकत राहतो.

मादी अंडी घालते, एकटीच उबवते. नर? तो शेजारीच नवा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका हंगामात तो अनेक खोप्यांतल्या पिल्लांचा बाप होऊ शकतो. ज्याचा एकही खोपा पसंत पडत नाही, त्याचा वंश मात्र त्या वर्षी थांबतो.

१९३१ मध्ये हे संशोधन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालेले सलीम अली १९८७ मध्ये मुंबईत वारले.