श्रेष्ठीवर्य प्रेमचंद रायचंद : वैभव ओसरले, दान उरले

मुंबईच्या फोर्ट विभागात, ओव्हल मैदानासमोर उभ्या असलेल्या राजाबाई टॉवरकडे पाहून घड्याळ लावणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. मात्र राजाबाई या एका धर्मपरायण जैन श्राविकेचे नाव आहे आणि तिच्या पुत्राने तो मनोरा विद्यापीठाला अर्पण केला, हे आपल्या समाजातही फार थोड्यांना ठाऊक असते. त्या पुत्राचे, श्रेष्ठीवर्य प्रेमचंद रायचंद यांचे चरित्र केवळ दातृत्वाचे नाही. त्यात अफाट वैभव आहे, तितकेच मोठे पतन आहे, आणि दोहोंच्या मध्ये दिलेले दान आहे.

प्रेमचंदशेठ यांचा जन्म 1831 साली सुरतेस श्वेतांबर जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद व्यापारासाठी मुंबईस आले आणि प्रेमचंदांचे शिक्षण येथेच झाले. इंग्रजी लिहिता, वाचता व बोलता येणारे पहिले हिंदी दलाल म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. 1849 च्या सुमारास त्यांनी दलालीच्या व्यवसायात पाऊल टाकले. कापूस, सोने-चांदी, हुंडी आणि नव्यानेच रूढ होत असलेले कंपन्यांचे भाग अशा सर्वच व्यवहारांत त्यांची नजर पोहोचू लागली. विलायतेची टपाल घेऊन येणाऱ्या आगबोटीकडे ते स्वतःची होडी पाठवीत आणि लिव्हरपूलचे भाव बाजाराच्या आधी हस्तगत करीत, असे सांगितले जाते.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मग विलायतेची सारी मागणी मुंबईवर येऊन पडली. भडोच, धोलेरा, हिंगणघाट व अमरावती येथील कापसाला कधी कोणी कल्पिले नव्हते असे भाव मिळू लागले. लोकांनी जुन्या गाद्या-उशा उसवून त्यांतील कापूससुद्धा गाठींत भरला. कापडाच्या व्यवहारात आयुष्य घालविलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या वर्षी गादीतला कापूस बाजारात येतो, त्या वर्षीचा भाव टिकणारा नसतो.

परंतु त्या चार वर्षांत हे कोणाच्या ध्यानी येत नव्हते. आलेला पैसा बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांच्या भागांत ओतला गेला. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा 5,000 रुपयांचा भाग सुमारे 50,000 रुपयांपर्यंत चढला. या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंदशेठ होते. त्यांच्या शब्दावर भागांचे वाटप होई आणि त्यांच्या सहीवर कर्ज मिळे. त्यांच्या भायखळ्याच्या ‘प्रेमोद्यान’ बंगल्याला त्या काळी बाजारात केवढे महत्त्व होते, हे यावरून समजावे.

याच भरभराटीच्या दिवसांत, ऑगस्ट 1864 मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयाच्या इमारतीसाठी दोन लाख रुपये दिले. विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती आणि त्याला स्वतःची अशी वास्तूही नव्हती. लगेच ऑक्टोबर महिन्यात त्यांनी आणखी दोन लाख देऊ केले. या रकमेतून मोठे घड्याळ व घंटा असलेला मनोरा बांधावा आणि त्यास मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. स्वतःचे नाव त्यांनी मागितले नाही. मातोश्री अंध होत्या, चौविहाराचे व्रत पाळीत, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाची वेळ त्यांना कळावी म्हणून हा घंटामनोरा उभारला, अशी आख्यायिका आपल्याकडे भक्तिभावाने सांगितली जाते. ती गोड आहे खरी. पण मनोरा पूर्ण होण्यास पुढे चौदा वर्षे लागली, हेही लक्षात घेतले पाहिजे. मातेविषयीचा आदर सिद्ध करण्यास नुसते नाव पुरेसे आहे.

एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले आणि 1 जुलै 1865 रोजी वायद्याच्या सौद्यांचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली, तेव्हा चुकता करणारे फारच थोडे निघाले. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग 2,850 रुपयांपर्यंत गेला होता, तो 87 रुपयांवर आला. बँकेचे भांडवल बुडाले. त्याची चौकशी करण्यासाठी 1868 साली सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. पुरेशा तारणाशिवाय दिलेल्या कर्जांचा मोठा भाग प्रेमचंदशेठ व त्यांच्याशी संबंधित व्यवहारांकडे गेला होता, हे त्या चौकशीत पुढे आले. आयोगासमोर त्यांची साक्षही झाली. या प्रकरणावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. बुडालेल्यांत केवळ धनिक नव्हते. आयुष्याची पुंजी गमावलेली साधी माणसेही होती.

प्रेमचंदशेठ यांचे वैभव गेले. विद्यापीठाला दिलेले चार लाख मात्र गेले नाहीत, कारण ते त्यांच्या चोपड्यांत उरलेच नव्हते. देरासरात बोली बोलल्यावर ती रक्कम आपल्या खात्यात रेंगाळू देऊ नये, ती त्याच क्षणी आपली राहत नाही, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत. त्या रिवाजातील व्यवहारज्ञान या एका उदाहरणावरून लख्ख दिसते. हाच आकडा नुसता जाहीर होऊन त्यांच्या पेढीवर ठेव म्हणून राहिला असता, तर 1865 च्या वावटळीत इतर येण्यांबरोबर तोही गेला असता.

मंदीचे तडाखे बसत असतानाच, 1866 साली, त्यांचे कलकत्ता विद्यापीठास दोन लाख रुपयांचे दान आले. ज्यांची येणी थकली होती, त्यांना ते रुचले असेल असे म्हणवत नाही, आणि त्यांची बाजूही न्यायाची होती. या दानाची रीत मात्र आजच्या विश्वस्तांनी अभ्यासावी अशी आहे. रक्कम कशासाठी खर्च करावी, हे त्यांनी विद्यापीठावर सोपविले. विद्यापीठाने मुद्दल कायम निधी म्हणून राखून व्याजातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू केली. आशुतोष मुखर्जी, इतिहासकार जदुनाथ सरकार व रमेशचंद्र मजुमदार, शास्त्रज्ञ मेघनाद साहा हे सारे तिचे मानकरी. नावापुढे लावलेली ‘पी.आर.एस.’ ही अक्षरे बंगालमध्ये विद्वत्तेची मुद्रा मानली गेली. पुढे शिवचरित्र लिहून महाराष्ट्रात वाद व आदर दोन्ही मिळविणाऱ्या जदुनाथांना तरुणपणी हात देणारा पैसा सुरतेच्या एका जैन दलालाचा होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

अहमदाबादेतील शिक्षकांचे प्रेमचंद रायचंद ट्रेनिंग कॉलेज, सुरतेतील वडिलांच्या नावाची कन्याशाळा व भडोचचे ग्रंथालय हीही त्यांच्याच दातृत्वाची फळे. यांतील बहुतेक पैसा विद्येकडे गेला आणि त्याचा लाभ घेण्यास जैन असण्याची अट नव्हती.

मुंबईतील मनोऱ्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने हिंदुस्थानात पाऊल न ठेवता तयार केला. 1 मार्च 1869 रोजी कामास आरंभ झाला आणि नोव्हेंबर 1878 मध्ये 280 फुटांचा मनोरा पूर्ण झाला. ग्रंथालय व मनोरा मिळून खर्च सुमारे साडेपाच लाखांवर गेला. त्यांतील चार लाखांची मुद्दल प्रेमचंदशेठ यांची. तोवर ते पुन्हा दलालीच्या व्यवसायात स्थिरावले होते. 1875 साली शेअर दलालांची जी संघटना झाली व जिच्यातून आजचे मुंबई शेअर बाजार उभे राहिले, तिच्या संस्थापकांतही त्यांचे नाव घेतले जाते. पूर्वीचे ऐश्वर्य मात्र परत आले नाही.

31 ऑगस्ट 1906 रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. राजाबाई टॉवर व ग्रंथालयाच्या इमारतीचा जीर्णोद्धार 2015 साली पूर्ण झाला आणि 2018 साली त्या परिसराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.