ज्या कंपनीचा ऑर्गन विकला, तिलाच धंद्यात भिडला: डान्स ऑर्गनवाल्या मॉर्टियरची गोष्ट

आज लग्नात डीजे नाही म्हटलं की अर्धे पाहुणे तोंड पाडून बसतात. पण लाउडस्पीकरच नव्हते तेव्हा हॉलभर लोकांना नाचवायचं कसं? बेल्जियमच्या कॅफेवाल्यांनी यावर तोडगा काढला होता, डान्स ऑर्गन. एक अख्खी भिंत अडवणारं, हवेवर वाजणारं यंत्र. आणि या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे थिओफील मॉर्टियर.

1855 साली जन्मलेला मॉर्टियर मुळात कॅफेवाला. अँटवर्पमध्ये त्याचा डान्स हॉल होता. नवा ऑर्गन आला की गर्दी व्हायची, जुना झाला की लोक कंटाळायचे. मग पठ्ठ्या जुना विकायचा आणि पॅरिसच्या गाविओली कंपनीकडून नवा आणायचा. असं करता करता तो गाविओलीचा बेल्जियममधला एजंटच झाला.

आता हे यंत्र वाजायचं कसं? पैठणीच्या मागावर छिद्रं पाडलेले जॅकार्डचे पुठ्ठे पाहिले असतील, तर कल्पना तीच. गाविओलीने 1892 मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. घड्या घातलेलं पुठ्ठ्याचं लांबलचक पुस्तक यंत्रातून सरकतं. जिथे छिद्र येतं तिथे छोटी पट्टी वर उठते, झडप उघडते, भात्यातली हवा पाईपमध्ये शिरते आणि सूर वाजतो. ड्रमसुद्धा असाच. पुठ्ठा कडक राहावा म्हणून त्याला लाख लावायचे, आणि जगाला लाख पुरवण्यात तेव्हा भारतच पुढे होता!

पुढे मॉर्टियरने स्वतःच ऑर्गन बनवायला घेतले. गाविओली भडकली आणि पेटंटचं प्रकरण पेटलं. तोडगा असा निघाला की मॉर्टियरने दरवर्षी गाविओलीचे 12 ऑर्गन विकत घ्यायचे. शिक्षाच होती ती. पण गाविओलीला तेवढे ऑर्गन वेळेत देताच येईनात! मॉर्टियरला रान मोकळं झालं. पहिल्या महायुद्धाच्या आधीच गाविओलीचा बाजार उठला.

1920 च्या दशकात मॉर्टियरच्या ऑर्गनवर रंगीत दिवे आले, दर्शनी भागात अकॉर्डियन बसले. पण मग रेडिओ आणि अॅम्प्लिफायर आले आणि कॅफेवाल्यांना स्वस्तातला पर्याय मिळाला. 1944 मध्ये मॉर्टियर गेला, काही वर्षांत कारखानाही बंद पडला.

कित्येक ऑर्गन भंगारात गेले. जे उरले त्यांची दुरुस्ती म्हणजे संयमाची परीक्षा असते. भात्यांचं चामडं फाटलेलं, लाकडाला कीड लागलेली. जोडायला आजही जुना सरसच वापरतात, कारण तो गरम करून पुन्हा सोडवता येतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या स्पीलक्लोक म्युझियममध्ये तर यासाठी स्वतंत्र वर्कशॉप आहे. आणि गंमत म्हणजे, या जुन्या ऑर्गनसाठी आजची गाणी पुठ्ठ्यावर छिद्रं पाडून देणारे कारागीर अजूनही आहेत.