वेदनेच्या सावलीतला तत्त्वज्ञ

फ्रीड्रिख नीत्शे म्हटले की, अतिमानवाची कल्पना मांडणारा, रूढ नीतीला आव्हान देणारा बंडखोर तत्त्वज्ञ डोळ्यांसमोर उभा राहतो. या बंडखोराला आयुष्यभर दुसरीही एक झुंज द्यावी लागली, ती स्वतःच्या डोक्याशी आणि डोळ्यांशी.

१५ ऑक्टोबर १८४४ रोजी जर्मनीतील रोकेन या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी त्याचा जन्म झाला. दृष्टी लहानपणापासून अधू. डोकेदुखीने तर शाळकरी वयातच गाठले. १८६९ मध्ये, अवघ्या २४व्या वर्षी, तो स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठात अभिजात भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. मात्र पुढे डोकेदुखीचे झटके वाढत गेले. ते दिवसेंदिवस टिकत आणि उलट्यांनी जीव हैराण होई. वाचन हाच ज्याचा व्यवसाय, त्याला डॉक्टरांनी वाचन-लेखन वर्ज्य करण्याचा सल्ला दिला. अखेर १८७९ मध्ये त्याने प्राध्यापकी सोडली. त्या एका वर्षात तीव्र झटक्यांचे ११८ दिवस त्याने मोजले होते.

त्याच्या आजाराच्या निदानाबाबत तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. तथापि लक्षणे अर्धशिशीशी जुळणारी होती. अर्धशिशी म्हणजे निव्वळ डोकेदुखी नव्हे. तिच्या झटक्यात मेंदूला नेहमीच्या संवेदनाही असह्य वाटू लागतात. साधा उजेड डोळ्यांना टोचतो, किंचित आवाज कानांवर आदळतो, वासाने मळमळते. काहींना केसांतून फणी फिरवणेही सोसवत नाही. नीत्शेलाही प्रखर उजेड सोसत नसे. ढगाळ हवा आणि वादळी वातावरण यांचा तर त्याने धसकाच घेतला होता. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांच्या शोधात तो गावोगाव हिंडला. १८८१ मध्ये आल्प्स पर्वतातील सुमारे १८०० मीटर उंचीवरचे सिल्स मारिया हे गाव त्याला मानवले आणि पुढे अनेक उन्हाळे त्याने तेथेच काढले.

या दुखण्याने त्याच्या लेखनाचे रूपही घडवले. डोळे साथ देईनात, तेव्हा चालता चालता विचार करायचा आणि वहीत थोडक्यात टिपून ठेवायचा, हा क्रम सुरू झाला. ‘भटक्या आणि त्याची सावली’ हे पुस्तक असेच सिद्ध झाले. त्याचे वाचण्यास दुष्कर हस्तलिखित मित्र हाइन्रिख क्योझेलिट्झ याने उतरवून काढले. १८८२ मध्ये नीत्शेने टंकलेखन यंत्रही वापरून पाहिले. डोळ्यांचे काम बोटांनी करण्याचा तो प्रयत्न काही आठवडेच टिकला.

जानेवारी १८८९ मध्ये तुरिन येथे त्याचे मानसिक संतुलन ढळले, ते कायमचेच. २५ ऑगस्ट १९०० रोजी त्याचे निधन झाले.

वेदनेने त्याला प्रतिभा दिली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. वेदनेने हिरावून घेतले तेच अधिक. उरलेल्या मोजक्या तासांचे त्याने सोने केले, इतकेच. घरातील कोणी दिवा मालवण्याची विनवणी करील, तेव्हा तो लहरीपणा समजू नये, एवढे तरी या चरित्रातून उमजावे.