कामठीच्या खाणमालकाचे विद्यादान

मध्य प्रांतातील मँगनीजने अनेकांना श्रीमंत केले. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण त्यांपैकीच एक. मात्र नागपूरकर त्यांचे स्मरण करतात ते त्यांच्या दानामुळे. त्या काळी येथील बहुतेक खनिज कच्च्या रूपातच परदेशी जाई. त्यावर प्रक्रिया करण्याची विद्या या भागात फारशी नव्हती. १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ बाल्यावस्थेत असताना, १९३० साली लक्ष्मीनारायण यांनी मालमत्तेचा मोठा भाग, सुमारे ३५ लाख रुपये, उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी विद्यापीठाच्या नावे केला. त्यातून त्यांच्या पश्चात, १९४२ मध्ये, लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली.

पुढे तेथे पृष्ठलेपन तंत्रज्ञानही शिकविले जाऊ लागले. या विद्येचे मोल मॅग्नेशियमसारख्या धातूपाशी कळते. हा धातू ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने हलका. परंतु त्याचा नैसर्गिक ऑक्साइडचा थर सच्छिद्र असल्याने खाऱ्या पाण्यात तो झपाट्याने झिजतो. म्हणून ॲनोडीकरणाने कठीण थर चढवून त्यावर प्राइमर व रंगाचे लेप द्यावे लागतात.

२०२३ मध्ये या संस्थेचे स्वतंत्र विद्यापीठात रूपांतर झाले. दात्याचे नाव मात्र कायम राहिले.