शीलवंत कर्मवीर

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर त्यांनी शुद्धीचे स्नान नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच समाजाच्या संस्थेत हे घडले, याचे विस्मरण होऊ नये. बोर्डिंगची सूत्रे तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती.

पुढे १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांवर खोट्या साक्षीचे दडपण आले. जुना सल काढण्याची अशी संधी पुन्हा आली नसती. भाऊरावांनी तुरुंग आणि छळ सोसला. साक्ष मात्र दिली नाही. स्वकीयांसाठी सत्य बोलणारे पुष्कळ असतात. ज्याने दाराबाहेर काढले त्याच्यासाठी सत्यव्रत पाळणारा विरळाच.

शील रोजच्या आचरणातून अंगी मुरते, हे त्यांनी जाणले होते. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीला जेवत व श्रम करीत. समतेवर वेगळे प्रवचन तेथे लागत नसे. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले.

वसतिगृहातील धान्य संपले, तेव्हा सौ. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या अन्नासाठी आपले मंगळसूत्रही काढून दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. भाऊरावांनी पुढील २९ वर्षे, ९ मे १९५९ पर्यंत, हे कार्य चालविले.